यंत्रावर एकच माणूस

खंडेनवमीला आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरची पूजा झाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथून झाली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तसा मी मंदच. पण त्या प्रकरणात शहाणे म्हणवणारेही माझ्याइतकेच गोंधळलेले होते, एवढं समाधान आहे.

कॉलेज म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, कपाशीच्या वावरांना लागून बांधलेल्या दोन इमारती. त्यातल्या एकीत थंड खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. आत लोखंडी कपाटाएवढं एक यंत्र, आणि त्याला वायरींनी जोडलेले सात-आठ पडदे. एकाच यंत्रावर आम्ही सगळे एकाच वेळी काम करायचो. यंत्राला खेटून एक वेगळा पडदा होता, त्याला कन्सोल म्हणत. तिथे फक्त सर बसायचे. त्या खुर्चीला हात लावला तरी सर असे बघायचे, की आपण देव्हाऱ्यात चपला घालून शिरलो असं वाटावं.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट दोघादोघांनी करायचा. माझा जोडीदार सोनाळ्याचा, मी वरवट बकालचा. तालुका एकच, एसटीही एकच. पोरं त्याला सोनाळा आणि मला वरवट म्हणायची, आम्हीही एकमेकांना तेच म्हणायचो. त्याचे वडील दुसऱ्याच्या वावरात सालदारी करून थकलेले. घरातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. पुण्याच्या एका कंपनीने त्याला घ्यायचं कबूल केलं होतं, अट एकच होती, की पहिला वर्ग पाहिजे. तो काठावर होता आणि प्रोजेक्टच्या मार्कांवर त्याचं सगळं अडलं होतं. मला असली काही घाई नव्हती. माझ्या घरी ओलिताचं वावर होतं, आणि नापास झालो तरी आई जेवायला वाढणार याची खात्री होती.

प्रोजेक्ट त्याच्याच डोक्यातून निघालेला. सोनाळ्यात एका विहिरीवर बऱ्याच घरांचा हिस्सा होता. वीज कधी दिवसा, कधी रात्री. पाणी कोणी केव्हा घ्यायचं यावरून दर हंगामात डोकी फुटायची. विजेचे तास सांगितले की ओलिताच्या पाळ्या लावून देणारा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. तो चालायचाही, पण विजेचे तास मध्येच बदलले, की शेवटच्या घराची पाळी गायब व्हायची. दोन महिने आम्ही ती चूक शोधत होतो. ते शेवटचं घर सोनाळ्याचं स्वतःचं नव्हतं, कारण त्याच्या घराला विहिरीत हिस्साच नव्हता. तरी तो त्या घरासाठी असा जीव टाकायचा की मला हसू यायचं.

तर खंडेनवमी. सर आदल्या दिवशीच सासुरवाडीला गेले होते, कोजागरी करूनच परत येणार होते. सोनाळा गावच्या गाडीने घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. राहिलो आम्ही हॉस्टेलची उरलेली पोरं आणि खोलीची किल्ली सांभाळणारे मामा. मामांनी यंत्राला झेंडूचा हार घातला, कपाटावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला. मग म्हणाले, "आज लोहाराचा भाता बंद, शिंप्याची मशीन बंद. यालेच काऊन चालू ठेवाचं? यालेही आराम पाह्यजे का नाई?" आम्ही म्हणालो, पाह्यजेच. मामांनी हात जोडले आणि मेन स्विच खाली ओढला. रात्रंदिवस घरघरणारी खोली एकदम गप्प झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि खोबरं खाल्लं.

दसऱ्यानंतर सोनाळा परत आला. सुटी होती, खोली रिकामी, म्हणजे प्रोजेक्टला मोकळं रान. मामांनी कुलूप उघडून स्विच वर केला. यंत्र घरघरलं, कन्सोलवर इंग्रजी ओळी धावू लागल्या, आणि मध्येच थांबल्या. बाकीचे पडदे काळे ते काळेच. आम्ही प्रत्येकासमोर बसून बटणं बडवून पाहिली. एकही बोलेना. जिवंत होता फक्त कन्सोल. त्यावर लिहिलं होतं सिंगल यूजर मोड, मेंटेनन्स, आणि खाली एक अनोळखी चिन्ह लुकलुकत होतं. आम्हाला रोज डॉलरचं चिन्ह दिसायचं. हे आडव्याउभ्या रेघांचं होतं, वावराच्या फाटकासारखं.

"हे काय होय बे?" सोनाळा म्हणाला.

"मले काय मालूम."

"आपलं नाव नाई इचारलं, पासवर्ड नाई इचारला. सरळ आत घेतलं?"

खरंच, त्याने काही विचारलं नव्हतं. एरवी नाव सांगा, परवलीचा शब्द सांगा, एक अक्षर चुकलं तर हाकलून देणार. आज दारच उघडं. यंत्रावर कोण कोण बसलंय हे विचारण्याचा हुकूम आम्हाला येत होता, तो दिला. उत्तर आलं नाही. आम्ही दोघं समोर बसलेलो आणि यंत्राच्या मते आत कोणी नव्हतं. मी घाबरलो. सोनाळा सरांच्या खुर्चीच्या काठावर बसला, पूर्ण बसायचीही त्याची हिंमत होईना.

मग आम्ही आमचं काम शोधलं. यंत्रात सगळ्या पोरांच्या फायली एका ठिकाणी असायच्या, तिथे प्रत्येकाच्या नावाचा कप्पा होता. तिथे गेलो तर काहीच नव्हतं. आमचा कप्पा नाही, दुसऱ्या कोणाचा नाही. पुन्हा पाहिलं. सोनाळ्याने मला बाजूला सारून स्वतः टाइप केलं, जणू माझ्या बोटांमुळेच ते दिसत नसावं. रिकामं.

"गेलं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर त्या थंड खोलीत घाम आला होता.

मामांना सांगावं तर ते म्हणाले, "पूजा केली त बिघडन कसं?" सरांच्या सासुरवाडीला फोन नव्हता. सुटी संपली की आठवड्याभरात बाहेरचे परीक्षक येणार होते. मी म्हणालो, सर आले की पाहू. सोनाळा म्हणाला, "सर येऊन काय करतीन? रिकाम्या जागी काय पाहतीन? लिहू पुन्यांदा." मला राग आला. दोन महिन्यांचं काम पुन्हा लिहायचं, तेही ज्याला हात लावायची मनाई त्याच खुर्चीत बसून! पण त्याचं तोंड पाहून मी कीबोर्ड पुढे ओढला.

आम्ही त्याच रिकाम्या ठिकाणी त्याच नावाचा कप्पा पुन्हा केला आणि लिहायला लागलो. यंत्र एकाच माणसाला आत घेत होतं, म्हणून एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून आठवायचं. सोनाळा आठवायचा. डोळे मिटून, भिंतीला टेकून, घरांची नावं घेत सांगायचा, आता पाटलाची पाळी, आता त्याच्या भावाची, आता वीज गेली, थांब. मी टाइप करायचो. मामा दुपारी शेंगदाणे आणि गूळ आणून द्यायचे आणि यंत्राच्या हाराकडे पाहून जायचे. खरं सांगतो, कॉलेजात मला इतकं सुख दुसऱ्या कशात झालं नाही. आसपास पोरं नाहीत, सर नाहीत, दुसऱ्या पडद्यांची खटखट नाही. आम्ही दोघं आणि ती विहीर.

आणि कोजागरीच्या दिवशी दुपारी ते चाललं. सोनाळ्याने मुद्दाम विजेचे तास मध्येच तोडले, पुन्हा जोडले. सगळ्या घरांच्या पाळ्या बरोबर आल्या, शेवटच्या घराचीही. पुन्हा लिहिताना ती चूक कुठेतरी गळून गेली होती. कुठे, ते आम्हाला कळलं नाही आणि आम्ही शोधलंही नाही. सोनाळा उठून खोलीभर नाचला. "चाललं न बे वरवट! चाललं!" त्याने मामांना उचलून गोल फिरवलं. मी कोजागरीसाठी दुपारच्या एसटीने घरी गेलो. तो मागे थांबला, म्हणाला, जरा साफसफाई करून कुलूप लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीने परत आलो. खोलीत एकटाच होतो. कप्प्यात आमची फाईल जागेवर होती. मनात आलं, एवढ्या कष्टाचं काम आहे, एक प्रत काढून ठेवावी. आधी नव्या नावाची रिकामी फाईल केली, मग प्रत काढण्याचा हुकूम दिला. यंत्र काही बोललं नाही. त्याचा स्वभावच तसा. काम झालं तर गप्प, आणि भलतंच झालं तरी बऱ्याचदा गप्प. मी उघडून पाहणार तेवढ्यात सर आले.

मला त्यांच्या खुर्चीत पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. पण पडद्यावरचं चिन्ह पाहून ते मला रागावायचं विसरले. "हे कोणी बंद केलं? सरळ मेन स्विच ओढला?" मामा हाराकडे पाहत उभे राहिले. सरांनी मामांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ते बसले, तपासणीचा हुकूम दिला. यंत्र एकेक प्रश्न विचारत होतं, सर प्रत्येकाला हो म्हणत होते. शेवटी त्यांनी दोन बटणं एकदम दाबली, कंट्रोल आणि डी. आणखी ओळी धावल्या, आणि बाकीचे पडदे एकामागून एक उजळले. प्रत्येकावर नाव विचारणारी ओळ आली. मला इतका आनंद झाला की मी मामांचा हात धरला.

मी आमच्या पडद्यासमोर बसलो, नाव सांगितलं, आत गेलो. सगळ्यांचे कप्पे जागच्या जागी होते. आमचाही होता, दसऱ्याआधीचा. जुना प्रोग्राम, त्यातल्या चुकीसकट. नवा कुठेच नव्हता.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला काही समजेना. जे गेलं म्हणून आम्ही रडलो ते परत आलं होतं, आणि जे डोळ्यांदेखत चाललं होतं ते नाहीसं झालं होतं. सोनाळा आला तेव्हा मी त्याला एवढंच म्हणू शकलो, "पाह्य." त्याने पाहिलं. सरांना विचारलं. सरांनी आपल्या पद्धतीने शोधलं आणि मान हलवली.

"तपासणी अशा चांगल्या फायली पुसत नाही," ते म्हणाले. "त्या अवस्थेत यंत्रावर एकच माणूस असतो. दुसरं कोणी आत येऊच शकत नाही. आणि तो जे सांगेल ते यंत्र करतं, खात्रीसुद्धा करून घेत नाही. पुसलं असेल तर तुमच्यापैकीच कोणीतरी."

सोनाळ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे पाहत होता. सकाळी एकटा कोण होता? मीच. प्रत काढताना कुठून कुठे हा क्रम मी उलटा तर दिला नाही? रिकामी फाईल भरल्या फाईलवर तर उतरवली नाही? मी आठवून पाहिलं, आणि जितकं आठवलं तितकं ते पुसट झालं. कधी वाटायचं बरोबर दिलं, कधी वाटायचं उलटंच. बरं, उलटं दिलं असतं तरी पूर्ण कप्पा कसा जाईल, हे विचारण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला. मेसमध्ये दुसऱ्या टोकाला बसायचा. एसटीत मी चढलो की तो पुढच्या गाडीने यायचा. मी समजलो, की त्याचा माझ्यावर वहीम आहे. आणि मला तर माझाच वहीम होता, मग त्याला कोणत्या तोंडाने सांगणार की मी नाही पुसलं! तिसऱ्यांदा लिहावं तर सगळे पडदे पोरांनी भरलेले, आणि आठवणारा गप्प. मी एकट्याने खटपट केली. नव्यात काय वेगळं होतं तेच मला सांगता येईना.

परीक्षक आले. त्यांनी विजेचे तास मध्येच बदलून पाहिले, अगदी तेच. शेवटच्या घराची पाळी गेली. "हे घर तहानलेलं राहिलं की हो तुमचं," ते हसून म्हणाले. सोनाळा माझ्या शेजारी हात मागे बांधून उभा होता. त्याचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. माझा, इतर विषयांमुळे, कसाबसा आला, आणि ज्याला गरज नव्हती तो मी पुण्याला नोकरीला लागलो. तिथे माझं बोलणं ऐकून लोक हसायचे, मी शुद्ध बोलायला शिकलो. सोनाळ्याला मी पत्र लिहिलं नाही. त्याचंही आलं नाही.

पुण्यात माझ्या वाट्याला तसलीच यंत्रं आली. ती बिघडली की सगळ्यांना बाहेर काढून, एकट्याने आत बसून दुरुस्त करायची. ते करताना प्रत्येक हुकूम मी दोनदा वाचून मगच द्यायचो, आणि सहकारी म्हणायचे, जपून काम करतो. एका दुपारी वरिष्ठांनी सांगितलं, त्या दुसऱ्या डिस्कमध्ये दोष दिसतोय, ती सोडवून घे आणि तपास. यंत्राला दोन डिस्क होत्या, म्हणजे फायली साठवायच्या दोन तबकड्या. दुसरी जोडण्यासाठी पहिल्या डिस्कवर जे ठिकाण राखलेलं असे, ते मी ती सोडवल्यावर सहज उघडून पाहिलं. ते रिकामं असायला हवं होतं. तिथे कोणाची तरी एक जुनी फाईल पडलेली होती.

मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "कोणीतरी डिस्क जोडलेली नसताना तिथे लिहिलं असेल. वरून डिस्क जोडली की ते खाली झाकलं जातं. जात नाही कुठे." आणि चहा प्यायला निघून गेले.

मी खुर्चीत बसून राहिलो. कॉलेजच्या यंत्रालाही दोन डिस्क होत्या. पोरांचं काम दुसरीवर असायचं, आणि मेंटेनन्स मोडमध्ये ती जोडलेलीच नव्हती, म्हणून आम्हाला जागा रिकामी दिसली. आम्ही त्या रिकाम्या जागी लिहिलं. सरांनी दोन बटणं दाबली आणि जुनी डिस्क आमच्या नव्या कामावर येऊन बसली. कोणी काही पुसलंच नव्हतं. इतक्या वर्षांची माझी भीती, ते मेसमधलं दुसरं टोक, त्या चुकवलेल्या एसट्या, सगळं एका न पुसलेल्या फाईलसाठी. मला आनंद व्हायला हवा होता. मला भयंकर राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना.

सुटी काढून मी सोनाळ्याला गेलो. तो शाळेत गणित शिकवत होता, आणि वडिलांच्या मागे थोडं वावर घेऊन त्यात संत्री लावली होती. केस पांढरे झाले होते. मला पाहून तो उठून उभा राहिला, आणि पुन्हा जमिनीकडे पाहिलं, अगदी त्या दिवसासारखं. बांधावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. म्हणालो, भिंतीत रिकामा कोनाडा आहे असं समज. आपण त्यात सामान ठेवलं. मग सरांनी पुढे कपाट आणून लावलं. आपल्याला कपाटातलं दिसलं, कोनाड्यातलं दिसलं नाही.

त्याने बांधावरचं एक ढेकूळ उचलून हातात चुरडलं. मग त्याने विचारलं, "म्हंजे म्या नव्हतं पुसलं?"

मला आधी कळेचना. "तू? तू काऊन पुसशीन बे?"

"तू कोजागरीले घरी गेला त्या दिवशी म्या साफसफाई केली. फालतू फायली काढाले हुकूम दिला, ताऱ्याचं चिन्ह लावून, म्हंजे एकेकीचं नाव न घेता साऱ्या एकदम जातेत. मशीन काही बोललं नाई. तशीच कुलूप लावून गेलो." "सकाळी सर म्हनले, तुमच्यातल्याच कोनं तरी पुसलं. मले समजलं, माह्याच हातानं गेलं. तुह्या पुढं तोंड कसं काढाचं? तुह्यं काम, तुह्ये मार्क. तुले खरं सांगाची हिंमतच नाई झाली, वरवट."

"मले वाटलं, तुह्या माह्यावर वहीम होय."

"तुह्यावर?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तुह्यावर काऊन येईन?"

मी त्याला सकाळची प्रत काढण्याची गोष्ट सांगितली, आणि तेव्हा आमची फाईल जागेवरच होती हेही. दोघांपैकी कोणालाच हसू आलं नाही. संत्र्याच्या झाडांना पाणी चाललं होतं, त्याचा आवाज येत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्याने उपरण्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "ते मशीन कुठी असंन आता?"

"भंगारात गेलं. कवाचंच."

"आपल्या प्रोग्रामसकट?"

"सकट."

उन्हं उतरायला लागली होती. मी एसटी विचारली, कारण संध्याकाळच्या गाडीने मला वरवटला जायचं होतं. फाट्यावर गाडी येऊन थांबल्याचा हॉर्न आम्ही दोघांनीही ऐकला. तो उठला, माझी पिशवी उचलून घराकडे निघाला, आणि मागे न पाहता म्हणाला, "आजची गाडी गेली. उद्याच्यानं जाऊ. म्या येतो संगं, एकाच गाडीनं."